हात न उचलणारे टायपिंग सर

आमच्या शेजारच्या टायपिंग सरांनी कॉम्प्युटरचा माउस पितळी डब्यात घालून डब्याला कुलूप लावलं होतं. किल्ली जानव्याला. कोणी पाहुणा कॉम्प्युटरसमोर बसून टेबलावर हात चाचपायला लागला, की सर खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "शोधू नका. सापडाचा नाही." आणि पाहुण्याचा चेहरा पाहून पुढचं वाक्य, जे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं, "हात उचलाचा नाही. हात उचलला का वेळ गेला."

आता वेळ कोणाचा, तर सरांचा. सकाळचा पेपर संपला की दुपारच्या जेवणापर्यंत ज्यांना मोकळ्या रस्त्याकडे पाहण्याशिवाय काम नव्हतं, त्यांचा. मी एकदा विचारलंच, "सर, हे वाचवलेले सेकंद तुम्ही ठेवता कुठं हो? कोठीत का पेटीत?"

"थट्टा करून राह्यली माही? कर. तुह्या बोटाइतकीच तुही जीभ चुकते."

मी त्यांची नापास विद्यार्थिनी. पुढे शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, त्यांच्याच शेजारी राहायला आले, तरी सरांच्या लेखी मी नापासच. पुसदच्या निम्म्या कारकुनांची बोटं या माणसाने वळवलेली. त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट घराच्याच पुढच्या खोलीत होती. नजर मजकुरावर, बोटं आपल्या जागी, आणि ओळ संपली की झटक्यात पुढची ओळ, हा त्यांचा धर्म. पोराने खाली बोटांकडे पाहिलं की सर त्याच्या हातांवर टॉवेल टाकायचे. टॉवेलखाली टाइप करत करत कित्येक जण तहसीलीत लागले. मी टॉवेलसकट मशीन खाली पाडलं होतं.

मग कॉम्प्युटर आले, आणि त्याच सुमाराला कापसाचे ते वाईट दिवस आले. बाजार सुना, दुकानदार माशा मारत बसलेले. खेड्यावरून एसटीने क्लासला येणारी पोरं हळूहळू यायची बंद झाली. सरांनी शेवटचा उपाय म्हणून एक कॉम्प्युटर घेतला. तो आला आणि उरलेली पोरंही गेली. खोलीत राहिले दोघं, सर आणि तो कॉम्प्युटर.

या दोघांची गाठ गाण्याबजावण्याशी घालून दिली अफसरने. अफसर म्हणजे बस स्टँडजवळचा साउंडवाला. लग्नाच्या वरातीसाठी गाणी जोडायची, मध्ये नवरा-नवरीचं नाव घालायचं, असे उद्योग तो कॉम्प्युटरवर करायचा. सर एकदा काही कामाने तिकडे गेले आणि अफसरला माउसने गाणं कापताना पाहून तिथेच थबकले.

"काय करून राह्यला बे हे?"

"गाना काट रहा हूँ, सर."

"अन् हात कायले उचलतो इतक्या वेळा? कीबोर्ड काय आरती ओवाळाले ठेवला?"

अफसर हसला. सर हसले नाहीत. ते गाणी कापायचं सॉफ्टवेअर त्याच्याकडून आपल्या कॉम्प्युटरवर टाकून घेतलं, आणि खोलीचं दार लावून बसले. एक्स म्हणजे तोडा, डी म्हणजे दुप्पट, एम म्हणजे आवाज बंद, आर म्हणजे रेकॉर्ड. पोथीचा अध्याय पाठ करावा तसं त्यांनी सगळं पाठ केलं. जेवताना डाव्या हाताची बोटं पाटाच्या कडेवर चालायची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "अवो, वरण वाढू का, का त्याचंही बटन आहे?"

तयारी झाल्यावर सरांनी अफसरला आव्हान दिलं. साक्षीला मला नेलं. काम साधं होतं. एका लग्नाच्या गाण्यात नवरदेवाचा मामा माइक हिसकून ओरडला होता, तेवढा मामा काढायचा. अफसरने माउस धरला. तो अजून मामापर्यंत पोचायचा होता तर सर हात झटकून मोकळे. गाणं लावलं. मामा खणखणीत ओरडला आणि पुढे शांतता.

"सर," अफसर अदबीने म्हणाला, "फास्ट तो हो गया. लेकिन गाना किधर गया?"

सरांनी चष्मा पुसला. "लग्नात मामा महत्त्वाचा अस्ते," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

पण माणूस चिवट. महिन्याभरात ते इतके तरबेज झाले की काकूंच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग स्वतःहून अंगावर घेतलं. अफसरचा माइक आणला, मंडळातल्या एकेकीला, मलाही, वेगळं बसवून गाववून घेतलं, आणि मग कोणाची उचकी, कुठल्या कुकरची शिटी, बाहेरचा कुत्रा, सगळं निवडून फेकलं. ऐकायला आम्ही जमलो. सुंदरच झालं होतं, मला फक्त माझा आवाज सापडेना.

"सर, मी कुठं आहे?"

"तू आहेस न त्याच्यात. एम दाबलेलं आहे."

"आणि पुन्हा एम दाबलं तर?"

"तर तू ऐकू येशील. म्हून दाबत नाही."

मी आठ दिवस त्यांच्या घरी गेले नाही. नवव्या दिवशी काकूंनी कढीगोळे पाठवले, आणि मग जावंच लागलं.

गेले तर घराची हवा बदललेली. काकूंचा घसा बरेच दिवस बसलेला होता, हवापाण्याने असेल म्हणून सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. नागपूरच्या डॉक्टरने आत गाठ असल्याचं सांगितलं. दिवाळीनंतर ऑपरेशन. आवाज राहील की जाईल हे आत्ता सांगता येत नाही, असंही त्याने सांगून टाकलं होतं.

काकूंचा आवाज म्हणजे काय होता हे आमच्या गल्लीला विचारा. भुलाबाईचे दिवस आले की पोरी गाणी म्हणायला त्यांच्याच अंगणात जमायच्या. त्यांच्या आईकडून आलेलं भुलाबाईचं एक लांबच लांब गाणं होतं, सासर-माहेर, रुसणं-फुगणं, सगळा संसार त्यात. ते सगळंच्या सगळं फक्त काकूंना यायचं. आम्ही बाकीच्या मागून ओढणाऱ्या. ते गाणं काकूंच्या घशातून एकदा अखंड निघून जपलं जावं, एवढीच आता सरांची इच्छा होती. दिवाळी जवळ येत होती.

आणि हा माणूस काय करत होता? शॉर्टकट पाठ करत होता! मी गेले तेव्हाही टेबलावर बोटं आपटणं सुरूच. माझं डोकं फिरलं.

"सर, काकूंचं ऑपरेशन आहे आणि तुम्हाला अजून सेकंदच वाचवायचे आहेत? ठेवा न ते खेळणं बाजूला!"

सरांनी बोटं थांबवली. मग स्वयंपाकघराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "तिचा दम पुरत नाही आता, सुधा. मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून ती मनात गाणं जुळवते. मी माउस घेऊन ते रेकॉर्डचं लाल बटन शोधत बसलो का मंग विचारते, झालं का तुमचं? तेवढ्यात दम जाते. मंग खोकला. मंग म्हणते, जाऊ द्या, उद्या. उद्या किती दिवस म्हणू देऊ तिले?"

मी टेबलाजवळची खुर्ची ओढून बसले.

"अन् दुसरी गोष्ट," सर म्हणाले, "पडद्याकडं पाह्यलं का तिच्याकडं पाहाचं राह्यते. मी पाहून नाही राह्यलो असं दिसलं का ती गात नाही. लग्न झालं तवापासून असंच आहे तिचं."

या वयात या माणसाला हे सांगताना लाज वाटली आणि त्याने उगाच मला चहा पाहिजे का विचारलं. मला रडू येत होतं, म्हणून मी हो म्हटलं.

पण गाणं काही होईना, आणि त्याचं कारण काकू नव्हत्या. कारण सर होते. काकूंची पहिली ओळ संपली की सरांची उजवी करंगळी आपोआप एंटरवर आपटायची. जन्मभराची सवय, ओळ संपली की पुढची ओळ, मशीनवर दांडा ओढून, इथे एंटर दाबून! आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये एंटर म्हणजे रेकॉर्डिंग थांबव आणि सुरुवातीला जा. काकू डोळे मिटून पुढे गातच असायच्या, आणि मशीन कधीच बंद पडलेलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तर काकू जवळजवळ शेवटाला पोचल्या, तेव्हा कुठे ते लक्षात आलं. सरांनी स्वतःच्या हातावर चापट मारून घेतली. एवढ्या पोरांना लावलेली शिस्त अशी अंगावर उलटली होती.

शेवटी त्यांनी करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीने करकचून बांधली. बाजारात जो तो विचारायचा, "सर, काय लागलं?" सर म्हणायचे, "सवय."

रेकॉर्डिंगची दुपार ठरली. आमच्या घरांमागे कापसाची जिनिंग गिरणी आहे. दरवर्षी या दिवसांत तिची घरघर अशी की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येऊ नये. त्या वर्षी ती सुरूच झाली नव्हती. साऱ्या जिल्ह्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि सर म्हणत होते, "आवाज साफ येईल." म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

अफसर माइक लावायला आला. काकूंसमोर कोणीतरी बाई बसलेली हवी म्हणून मला बसवलं. "मी मागून ओढू का?" मी विचारलं. "तू फक्त ओठ हालव," सर म्हणाले. त्या तसल्या वेळीही!

काकूंनी मांडीवर हात ठेवला, डोळे मिटले. सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते बायकोकडे पाहत होते. तिची छाती वर झाली त्याच क्षणी त्यांचं बोट पडलं, आणि गाणं सुरू झालं. ओळ संपली की बांधलेली करंगळी तडफडायची आणि तिथेच राहायची. मध्यावर काकूंना खोकला आला. जोराचा, कोरडा. आता गेलं, असं मला वाटलं. काकूंनी डोळे उघडले. समोर सर, तसेच पाहत असलेले. काकूंनी पुन्हा डोळे मिटले, तुटली तिथूनच ओळ उचलली आणि गाणं शेवटाला नेलं. अफसरने भिंतीकडे तोंड करून रुमालात नाक शिंकरलं.

ऑपरेशन झालं. काकू बऱ्या झाल्या, पण आवाज नाही राहिला. नुसती कुजबुज, तीही कानाजवळ आल्यावर कळणारी. सरांचं काही बिघडलं नाही, ते तर आधीपासूनच खुर्ची सरकवून त्यांच्या जवळ बसायचे.

संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा अफसरही आलेला होता. काकूंनी खुणेने सांगितलं, लावा. सरांनी ते गाणं लावलं. खोली भरून गेली. काकू स्वतःचाच आवाज दुसऱ्या कोणाचा असावा तशा ऐकत होत्या. मध्ये तो खोकला आला, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. सरांना जवळ ओढून कानात काहीतरी म्हणाल्या. सरांनी ऐकलं, आम्हाला सांगितलं, "म्हणते, तेवढा खोकला काढून टाका न. कसं दिसते ते."

सरांची बोटं कीबोर्डवरच होती. एक्स, पुन्हा एक्स, डिलीट. झालं असतं. मंडळातल्या बायकांच्या किती उचक्या त्यांनी अशा उडवल्या होत्या. त्यांनी हात हळूच उचलून मांडीवर ठेवले.

"त्याचा शॉर्टकट नाही येत मले," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या अफसरकडे वळल्या आणि बोटाने विचारलं, तुला?

अफसर चहाच्या कपात बघत होता. "मेरे को भी नहीं आता, चाची," तो म्हणाला.