सदतीस गेम आणि सोसायटीचा ठराव

माझ्याकडे एकूण एकोणचाळीस गेम आहेत. त्यातले दोन चकतीवर. माझ्या लॅपटॉपला चकती घालायला जागाच नाही, त्यामुळे एकीवर माझी बहीण रीना चहाचा कप ठेवते आणि दुसरी आईने पाखरं हाकलायला वांग्याच्या वाफ्यात टांगली आहे. उरलेले सदतीस एका ऑनलाइन दुकानातून घेतलेले. ते माझ्या खात्यात दिसतात. ते माझे आहेत की नाहीत, हा वेगळा प्रश्न. त्यावर माझी ठाम मतं आहेत.

मतं असण्याचा मला अधिकार आहे, कारण त्या दुकानाचा करारनामा मी पूर्ण वाचलाय. अकरा हजार चारशे शब्द! ‘मला मान्य आहे’वर टिचकी मारण्याआधी तो वाचणारा अड्याळ परिसरात मी एकटाच असणार. कलम चौदा सांगतं, की तुम्ही गेम विकत घेत नाही, तो खेळायची फक्त परवानगी घेता. म्हणजे दुकानदाराने पातेलं विकायचं आणि वर बजावायचं, भात शिजवायला हरकत नाही, पण पातेलं आमचंच! हे कळल्यावर मी बंदोबस्त चोख केला. एकोणीस अक्षरांचा पासवर्ड ठेवला. तो दोघांनाच ठाऊक: मला, आणि मी एखाद्या दिवशी तलावात बुडालोच तर असावा म्हणून, रीनाला.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आहे, पण त्या पदवीला बहीण हा विषय नसतो.

आमचं गाव मासेमारांचं. सव्वीस घरं, एक तलाव, एक मच्छीमार सोसायटी. घरी मोबाईलची रेंज तुळशीपाशी उभं राहिलं तरच येते. सोसायटीच्या ऑफिसात मात्र फायबरची लाईन आहे. म्हणून समुद्रात मासे धरायचा नवा गेम उतरवून घ्यायला मी लॅपटॉप तिथे नेऊन लावला.

“काय आणून राहिला गा?” सोसायटीचे सचिव सुखराम काका यांनी चष्म्यावरून विचारलं.

“गेम, काका. समुद्रात मासोळ्या धराचा.”

“सोसायटीच्या लाईनवरून?”

“हव.”

“मंग वाटा पडंन.”

मी हसलो. काका हसले नाहीत. आमच्याकडे सोसायटीच्या जाळ्यात जे येतं ते सव्वीस घरांचं. तापाने अंथरुणात पडलेल्याच्या घरीसुद्धा त्याचा वाटा पोचतो. पण गेमला हा नियम कसा लागेल, असा विचार करून मी लॅपटॉप तिथेच सोडला आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामावर गेलो.

पाच वाजता परतलो, तर ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती! सव्वीस घरं, सव्वीस मोबाईल, आणि प्रत्येकावर माझा गेम. खुर्चीवर रीना बसली होती, रेशनच्या दुकानदारासारखी.

“काय केलं व तू हे?”

“वाटा केला, दादा. सुखराम काकानं सांगतलं. तुया पासवर्ड टाकू टाकू बोटं दुखून राहिले माहे! येवढा लांब कायले ठेवते?”

तेवढ्यात रुखमा काकूंनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. चाळीस वर्षं डोंगा वल्हवलेल्या बाईंना हा गेम अजिबात पटला नव्हता.

“काहून गा हेमराज, हा मानूस डोंग्यात उभा राहून जाळं फेकते, अन डोंगा हालत नाही? अन पानी उपसाले डबाबी नाही ठेवला! कोन्या येड्यानं बनवलं हे?”

“काकू, थो गेम हाय.”

“गेम असला म्हून का झालं? बुडंन नाही का थो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची मेल आली. ‘आपल्या खात्यावर एका दिवसात सत्तावीस उपकरणे आढळली. खाते थांबवले आहे. आपणच मालक असल्याचा पुरावा सात दिवसांत पाठवा, अन्यथा खाते कायमचे बंद होईल.’

त्या सदतीसपैकी एका गेममध्ये मी सहाशे बारा तास घालून अख्खी रेल्वे उभी केली होती. एकशे आठ स्टेशनं, आणि एकही गाडी उशिरा नाही! अशी रेल्वे दुसरीकडे कुठे मिळणार?

मी ताबडतोब उत्तर लिहिलं. मुद्दा बिनतोड होता. कलम चौदानुसार मी मालक नाहीच, तर मालकीचा पुरावा मागता कसा? हे नऊशे शब्दांत मांडलं, तळटिपांसह. चार मिनिटांनी उत्तर आलं: ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया मालकीचा पुरावा पाठवा.’

आधार कार्ड पाठवलं. उत्तर: ‘खात्यावरील नाव ग्रहगोल शून्य सात असे आहे. आपले नाव जुळत नाही.’

तीन दिवस असेच गेले. मी जेवेना, तेव्हा बाबांनी विचारलं, “का झालं रे? कोनी मेलं का?”

मी सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तलाव कोनाचा?” त्यांनी विचारलं.

“सरकारचा.”

“मासोळी कोनाची?”

“आपली. लीजवर हाय म्हून.”

“तं तुया गेमचंबी तसंच हाय. येच्यात येवढं रडाचं का? लीज सिद्ध कराले आपून का देतो? ठराव!”

सुखराम काकांनी त्याच संध्याकाळी सभा बोलावली. विषय एक: हेमराजचे गेम. कोरम पुरा. इतका पुरा तो तलावात मत्स्यबीज सोडायच्या सभेलाही नसतो.

“मंग आमच्या वाट्याचं काय?” रुखमा काकू उठल्या.

“काकू, खातंच बंद पडलं तं वाटा कायचा घेसान?” मी कळवळून म्हणालो. “आधी थे माह्यं हाय असं लिवून द्या!”

“बोलते तं बराबर,” बाबा म्हणाले. “आधी जाळं सोडवा. मासोळीचं मंग पाहू.”

ठराव मंजूर झाला. ‘सदर सदतीस गेम हे हेमराज घनश्याम दिघोरे यांचेच असून त्याबाबत संस्थेच्या कोणत्याही सभासदाची हरकत नाही.’ सूचक रुखमा काकू, अनुमोदक बाबा. एकवीस सह्या, पाच अंगठे. मसुदा मी स्वतः तीनदा तपासला. खात्याचा क्रमांक, ऱ्हस्व-दीर्घ, गेमची संख्या, सगळं अचूक. इंग्रजी भाषांतर जोडलं. मग काकांनी तो सोसायटीच्या लेटरहेडवर छापला, गोल शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला, आणि मी लगेच पाठवून दिला.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. ‘अभिनंदन! आपण पाठवलेला दस्तऐवज ग्राह्य धरला आहे. खाते दस्तऐवजावरील संस्थेच्या नावे पुन्हा सुरू केले असून नवा पासवर्ड त्यावरील संपर्क क्रमांकावर पाठवला आहे. यापुढे एका वेळी एकच उपकरण चालेल.’

मी मोबाईल पाहिला. संदेश नव्हता. तुळशीपाशी जाऊन पाहिला. तरी नव्हता. मग लेटरहेड काढून पाहिलं. अगदी वर, संस्थेच्या नावाखाली, ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘संपर्क: सचिव’, आणि पुढे सुखराम काकांचा नंबर. अकरा हजार चारशे शब्द वाचणाऱ्याने तेवढी एक ओळ वाचली नव्हती!

मी धावत ऑफिसात गेलो.

“काका, तुमाले एक पासवर्ड आला असंन.”

“आला ना. दप्तरात नोंद केली.”

“थो माहा हाय!”

“सचिवाच्या नंबरवर आला, म्हंजे सोसायटीचा.”

“पन ठरावात लिवलं हाय, गेम माहे!”

“गेम तुयेच हायेत बापा, कोन नाही म्हनते?” काका समजुतीने म्हणाले. “तलावातली मासोळीबी आपलीच हाय. पन डोंगा एकच असला का पाळी लावा लागते का नाही?”

मी दुकानाला पुन्हा मेल केली. खरा वापरकर्ता मी आहे, पासवर्ड मला द्या. या वेळी दोनच मिनिटांत उत्तर आलं: ‘आपण या खात्याचे मालक नाही. कृपया मालकाशी संपर्क साधा.’

मालक समोरच बसले होते. जाळ्याची पाळी लावतात तशा त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. दर घराला आठवड्यातून एकदा पंचेचाळीस मिनिटं. आमच्या घराला मंगळवार मिळाला, साडेचार ते सव्वापाच. मी प्रयोगशाळेतून लवकर सुट्टी मागून पोचलो, तर बाकावर बाबा, आई आणि रीना आधीच येऊन बसले होते. काकांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, दप्तरात आमच्या घराची चार नावं लिहिली आणि भागाकार केला.

माझ्या वाट्याला अकरा मिनिटं पंधरा सेकंद आले.