बघतो, चालेल, राहू दे!

"साहेब, आपल्या भाषेत बोलणारा माणूस स्वतःच्या घरात कधी 'ओपन' म्हणतो का? जन्मात नाही! तो म्हणतो, 'बघतो'!"

भर बैठकीत टेबलावर थाप मारून बघतोरावांनी हे सांगितलं, तेव्हा मोठ्या साहेबांचा चहा कपातून बशीत आणि बशीतून थेट पँटवर गेला. पण साहेब रागावले नाहीत. उलट पँट पुसत म्हणाले, "मुद्दा आहे हं!"

आता हा मुद्दा कशाचा, तर डोळ्यांवर बांधायच्या एका जाडजूड चष्म्याचा. कंपनी तो लवकरच बाजारात आणणार होती आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'डोळस'. तो घातला की आपली खोली आहे तशी दिसते, आणि तिच्यात नसलेल्या वस्तूही दिसतात. सोफ्यावर वाघ, पंख्याला लटकलेलं माकड, म्हणाल ते! लोकांना या चष्म्याकडून नक्की काय हवंय, हे शोधायचं काम कंपनीच्या ग्राहक-अपेक्षा विभागाकडे होतं. विभाग म्हणजे एकटे बघतोराव. त्यांनी घरोघरी जाऊन विचारलं, तर लोकांच्या अपेक्षा एकेक ऐकण्यासारख्या! कुणी म्हणालं, "वजनाने मान मोडू नये." कुणी म्हणालं, "केस विस्कटू नयेत." एका आजोबांनी विचारलं, "आधीचा चष्मा त्याच्या आत घालायचा की बाहेर?" आणि एक बाई म्हणाल्या, "ते घातल्यावर आमचे हे भुतासारखे दिसू नयेत, एवढं बघा. तसेही..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

पण सगळ्यांचं एक म्हणणं सारखं होतं. चष्म्याशी बोलायचं ते साध्या घरगुती भाषेत! मग काय, बघतोरावांनी हुकमाचे शब्द स्वतः निवडून दिले. 'बघतो' म्हटलं की समोरच्या गोष्टीचं जे काही असेल ते उघडायचं. 'चालेल' म्हटलं की पक्कं करायचं. 'राहू दे' म्हटलं की कायम ठेवायचं. आणि 'नको' म्हटलं की गायब!

हे शब्द त्यांना कुठे सुचले, हे विचारायची गरजच नाही. लग्नानंतर त्यांनी घरात याखेरीज दुसरं फारसं काही बोललेलंच नव्हतं. 'बघतोराव' हे नावही सासूबाईंनी ठेवलेलं. बाकीचे त्यांना पाठीमागे तसं म्हणत, सासूबाई मात्र तोंडावर.

आणि त्यांना हवं काय होतं? एक केबिन! दार असलेली केबिन! ऑफिसात त्यांचं टेबल पाण्याच्या मशीनला चिकटून होतं. येणारा प्रत्येक जण तिथे पेला भरायचा, उभ्याउभ्या घरची रडगाणी गायचा आणि उरलेलं पाणी त्यांच्या कागदांवर झटकून जायचा. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती, तिला केबिन होती, आणि साहेबांनी शब्द दिला होता, "रविवारी तुमच्या घरून डोळस चालवून दाखवा. पैसा घालणारे पाहुणे येणार आहेत. त्यांना आवडलं, तर पुढचं बोलू."

रविवारी सकाळी बघतोराव इस्त्रीचा शर्ट घालून दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले. डोळस डोक्याला करकचून बांधला. त्यांना जे दिसेल ते ऑफिसच्या भिंतीवर भलंमोठं दिसणार होतं. साहेबांचा आवाज टेबलावरच्या फोनमधून येणार होता.

"कुणीही मध्ये लुडबुडायचं नाही!" त्यांनी घराला ताकीद दिली. "माझ्या केबिनचा प्रश्न आहे!"

"आणि नळाचा?" बायको म्हणाली.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. किती दिवसांपासून, ते विचारू नका. मुलगी लहान असताना त्याच्या टपटपीवर झोपायची, आणि आता कॉलेजात जात होती.

"हं, करा सुरू!" फोनमधून साहेब गरजले. "पाहुणे बसलेत!"

बघतोरावांनी डोळसमधून हवेत दिसणाऱ्या समुद्राच्या खुणेकडे पाहून "बघतो!" म्हटलं आणि दिवाणखाना निळाशार झाला! सोफ्यामागून मासे निघाले, टीव्हीवर खेकडा चढला, आणि खिडकीतून एक अवाढव्य देवमासा सावकाश आत शिरला. तो डोक्यावरून जाऊ लागला तसे बघतोराव घाबरून खाली वाकले. वाकताना टिपॉयवरची फुलदाणी खाली आली.

"ती खरी होती," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

फोनमधून मात्र टाळ्या ऐकू आल्या. बघतोरावांची छाती फुगली. त्यांना डोळ्यांसमोर देवमाशाच्या जागी केबिनचं दार दिसायला लागलं.

तेवढ्यात बायको हातात काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन दारात आली. "अहो, हे बघा! पुन्हा भरलं! आज तरी त्या नळाचं बघणार आहात का?"

बघतोरावांनी मानसुद्धा न हलवता, सवयीने म्हटलं, "बघतो!"

टिंग! पातेल्याच्या वर, हवेत, पान्हा घेतलेला एक छोटासा माणूस उगवला. तो चित्रातला नळवाला होता. त्यांच्या कानात डोळसचा गोड आवाज आला, "नळ दुरुस्ती. जवळचा कारागीर मोकळा आहे. बोलावू का?"

बघतोराव दचकले. हे कुणी घातलं आत? मग आठवलं, घरगुती कामांची सोय त्यांनीच सुचवली होती. नेमकं तेव्हाच साहेब म्हणाले, "अहो, चित्र जरा डावीकडे सरकलंय. इकडून ठीक करतो, चालेल?"

"चालेल, चालेल!"

टिंग, टिंग!

"जावईबापू," सासूबाईंनी संधी साधली, "नळाचं बघताय तर माझ्या कपाटाचंही बघा. त्या दाराची एकच बिजागरी उरलीय. एखाद दिवशी दार माझ्या टाळक्यात पडेल, मग बसा मला शोधत माशांमध्ये!"

"बघतो हो, बघतो!"

"चहा टाकू?" बायकोने विचारलं.

"चालेल!"

टिंग! करवत घेतलेला एक छोटा सुतार हवेत उगवला, लवून नमस्कार करून गेला. बघतोरावांना तो दिसला, पण त्याच क्षणी देवमासा परत फिरून आला होता आणि साहेब ओरडत होते, "त्याला दाखवा! शेपटी दाखवा!" ते शेपटीमागे धावले.

"आणि हो," स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "माझ्या भावाचं काय? त्याचं घर रंगवायला काढलंय. आपल्याकडे राहू का म्हणून विचारतोय. परवापासून तीनदा विचारून झालं, त्याला काय सांगू?"

"बघतो!"

टिंग! मेहुण्याचा हसरा चेहरा देवमाशाच्या पाठीवर उगवला, खाली 'निरोप सांगा' अशी पाटी.

"बाबा," मोबाईलवर डोळसचंच चित्र बघत मुलगी म्हणाली, "देवमासा आता बास की! खोली भरून गेलीय. काढू का?"

पाहुणे देवमाशावर खूश होते. त्याला काढणं म्हणजे केबिनवर पाणी सोडणं! बघतोराव कळवळून ओरडले, "राहू दे! राहू दे!"

देवमासा राहिला. पण तो एकटाच राहिला नाही, हे त्यांना मागाहून कळलं.

थोड्या वेळाने दारातून एक माणूस आत आला. हातात पान्हा, खांद्यावर पिशवी, भरघोस मिशा. बघतोरावांनी त्याला ओळखलं. मघाचा चित्रातलाच, आता मोठा होऊन आला होता! त्यांना आनंदाचं भरतं आलं.

"साहेब, हे बघा! आपल्या डोळसची करामत! माणूस पूर्ण आकारात! किती हुबेहूब! घामाचा वाससुद्धा येतो!"

"वास?" साहेब चमकले. "वासाची सोय आपण कधी केली?"

"आणि आता बघा, हात आरपार जातो!" असं म्हणून बघतोरावांनी त्याच्या पोटात बोट खुपसलं. बोट आरपार गेलं नाही. मग त्यांनी मिशी ओढली. मिशीही आली नाही, मिशीवाल्याचा आवाज मात्र आला.

"ओ काका! नळ दाखवता की परत जाऊ?"

"बोलतो पण!" बघतोराव हर्षाने किंचाळले.

"बोलतोच नाही, मारतोसुद्धा!" नळवाल्याने पान्हा उचलला. बायको धावत आली आणि त्याला "इकडे या हो दादा, आमच्या ह्यांचं तोंड बांधलेलं नाही, डोळे बांधलेत," असं म्हणत स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिचा आवाज बघतोरावांना ओळखू येईना. लग्नानंतर प्रथमच ती एखाद्या पाहुण्याकडे पाहून इतकी गहिवरली होती.

पाठोपाठ सुतार आला. त्याच्या वाटेला बघतोराव गेले नाहीत. त्यांच्या कपाळावर, म्हणजे डोळसच्या पट्ट्याखाली, घाम फुटला होता. आतल्या खोलीत ठोकाठोकी सुरू झाली, स्वयंपाकघरात खडखडाट सुरू झाला, आणि या सगळ्यातून देवमासा आपला शांतपणे पोहत होता.

"काय चाललंय तिथे?" साहेबांचा आवाज चढला. "आम्हाला समुद्रात करवतीचा आवाज येतोय!"

"साहेब, ते... खालच्या मजल्यावर..."

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. मुलीने दार उघडलं. दारात मेहुणा! एका काखेत गुंडाळलेली गादी, दुसऱ्या काखेत तबला, पाठीवर पिशवी आणि डोळ्यांत पाणी!

"भाऊजी!" तो सद्गदित होऊन म्हणाला. "मी तीनदा विचारलं, तुमचा निरोप येईना. मला वाटलं, आपण नकोसे झालो. आणि आज तुमचा निरोप! एकदा नाही, दोनदा! 'राहू दे! राहू दे!' अहो, ताईनेसुद्धा मला इतक्या प्रेमाने कधी बोलावलं नाही!"

मेहुण्याचा तबला अख्ख्या घराला माहीत होता. गेल्या वेळी तो चार दिवस राहून गेला, तेव्हा शेजारच्यांनी घर विकायला काढलं होतं. बघतोराव भिंतीपर्यंत मागे सरले. आणि मग, बुडत्याला वर यायला वाट दिसावी तसा, त्यांना चौथा शब्द आठवला! हा मेहुणा खरा असूच शकत नाही! डोळसनेच काढलेला असणार! त्यांनी दोन्ही हात त्याच्या दिशेने झटकले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

"नको! नको! नको!"

देवमासा गायब झाला. मासे गायब झाले. खेकडा गायब झाला. दिवाणखाना कोरडा ठणठणीत झाला. त्या कोरड्या दिवाणखान्यात मेहुणा तसाच उभा होता, फक्त त्याच्या डोळ्यांतलं पाणी आता गालांवर आलं होतं.

"नको?" तो पुटपुटला.

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघायला कुठल्याच चष्म्याची गरज नव्हती.

बघतोरावांनी डोळस काढला. नाकावर लाल वळ, केस उभे! "तुला नाही रे," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "मी माशाला म्हणालो! तू ये! बस! तबलासुद्धा बसव!"

मग ते फोनकडे वळले. तिकडून काहीच आवाज येत नव्हता. केबिन गेली! दार गेलं! आता जन्मभर पाण्याच्या मशीनशेजारी बसायचं आणि लोकांची रडगाणी ऐकायची!

आणि त्या शांततेत त्यांच्या लक्षात आलं की शांतता जरा जास्तच आहे. टपटप थांबली होती. नळवाला हात पुसत बाहेर आला, त्यांच्यापासून दोन हात लांबून गेला आणि आपली मिशी सावरत जिन्याकडे वळला.

फोन खाकरला. मग त्यातून एका बाईंचा आवाज आला. पैसा घालणाऱ्या पाहुण्यांपैकी त्या सगळ्यात मोठ्या असाव्यात, कारण बाकी कुणी बोलत नव्हतं. "त्या घरातल्या बाईंशी बोलायचंय मला. वहिनी, तुमची या चष्म्याकडून काय अपेक्षा आहे?"

बायकोने पदराला हात पुसले. "चष्म्याकडून कसली अपेक्षा? वजन, केस, मासे, मला काही नको. पण बाई, आज हे 'बघतो' म्हणाले आणि नळ खरंच दुरुस्त झाला! कपाटाचं दार बसलं! माझा भाऊ घरी आला! इतक्या वर्षांत ह्यांच्या 'बघतो'चा अर्थ 'करतो' असा आज पहिल्यांदा झाला."

तिकडे हशा उसळला, आणि टाळ्या अशा पडल्या की फोन टेबलावर थरथरला. बाई म्हणाल्या, "मला हाच चष्मा हवा! पहिला आमच्या घरी पाठवा! माझे हे तर 'बघतो' म्हणत म्हणत निवृत्त झाले!"

बघतोरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी केस सारखे केले, शर्ट खाली ओढला आणि पाहुण्यांचा गलबला ओसरल्यावर फोनजवळ तोंड नेऊन अदबीने विचारलं, "साहेब, मग ते... केबिनचं?"

साहेब फार खुशीत होते. अगदी मोकळेपणाने म्हणाले, "केबिनचं ना? बघतो!"

फोन बंद झाला.

बघतोराव मटकन सोफ्यावर बसले. या एका शब्दाचा अर्थ त्या घरात त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. बायको शेजारी येऊन बसली. तिचा राग पार निवळला होता. तिने त्यांच्या नाकावरचा वळ पाहिला आणि हळूच विचारलं, "आता कळलं, ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते?"

त्यांनी नुसतं नाक चोळलं. आतून मेहुण्याची हाक आली, "भाऊजी, गादी कुठे घालू? इथे जागाच नाही!"

बघतोरावांनी तोंड उघडलं. 'ब' ओठांवर आला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं, टेबलावरच्या डोळसकडे पाहिलं, 'ब' गिळला आणि मुकाट्याने उठून आतल्या खोलीतली खुर्ची हलवायला गेले.

"अगं बाई!" सासूबाई कपाटाचं नीट बसलेलं दार उघडझाप करत म्हणाल्या. "जावईबापू बिनचष्म्याचेही चालतात की!"