जुईला म्हणावं

सोपानआप्पा आपल्या सख्ख्या थोरल्या भावाशी जुईच्या वेलामार्फत बोलत. दोन घरांच्या मधे तारेचं कुंपण आणि त्यावर दाट पसरलेली जुई. आप्पा अलीकडून तिला सांगायचे, "जुई, लोकांना म्हणावं, पंप चालू ऱ्हायलाय." पलीकडे चार हातांवर निवृत्तीदादा उभे असायचे. ते पानांकडे बघत म्हणायचे, "जुई, शेजाऱ्यांना म्हणावं, आमाला कान हायेत." मग पंप बंद व्हायचा.

मी मूळचा परभणीचा. पौडच्या शाळेत गणित शिकवतो आणि तीन वर्षांपासून माले गावात आप्पांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहतो. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "आप्पा, भावाशी बोलायचंच आहे, तर सरळ का बोलत नाही?" माझंच डोकं फिरलंय अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोन बोलतंय, गुर्जी? मी येलाशी बोलतोय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

भांडण पागोळ्यांचं. दादांच्या पत्र्याचं पाणी आप्पांच्या अंगणात पडायचं. परभणीत पागोळ्या लागल्या तर माणसं खाली भांडी लावतील. पण मुळशीत पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, आणि अंगणात रोज तळं साचलं की संताचाही तोल जातो. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी शब्दाला शब्द लागला, दोघांनीही एकमेकांचं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं, आणि दोघेही शब्दाचे पक्के निघाले. जुईच्या पानांआडून खरोखरच तोंड दिसत नसे.

त्यात वेलाचं मूळ आप्पांकडे आणि ऊन दादांकडे. म्हणजे मशागत याची आणि फुलं त्याला. दादा रोज परडी भरून देवपूजेला न्यायचे. "फुकटे लोक," असं आप्पा जुईला ऐकवायचे, आणि चुकून अलीकडे वळलेला कोवळा शेंडा अलगद उचलून पलीकडे सोडायचे. मी पाहतोय हे लक्षात आलं की उगाच खोकायचे.

पावसाच्या गारठ्यात ते जुईला बाळंतिणीसारखं जपत. सकाळी पोत्याची खोळ घेऊन गोगलगायी वेचायच्या, बुंध्याभोवती राख टाकायची, साचलेलं पाणी वाटीवाटीने उपसायचं. गेल्या वर्षी तिची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा आप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "जुई, लोकांच्या पान्यानं तुजी मुळं कुजाया लागली गं," ते म्हणाले. हे मात्र त्यांनी अगदी हळू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तरीचे दादा शिडीवर चढून पत्र्याला पन्हळ ठोकत होते. एकवीस वर्षं न झालेलं काम दुपारपर्यंत झालं. आता भांडायला कारण उरलं नव्हतं, पण आधी तोंड कोण उघडणार, म्हणून बोलणं जुईमार्फतच चालू राहिलं.

यंदा दादांच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांचा मुलगा शहराकडे, माण गावात एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतो. आषाढात त्यांना तिकडे न्यायचं ठरलं. ही बातमीही जुईलाच सांगितली गेली. त्याच दिवशी आप्पांनी तिची एक खालची फांदी वाकवून मातीत पुरली आणि वर वीट ठेवली. ती माझ्या पायात आली म्हणून उचलायला गेलो, तर आप्पा अंगावर आले. "हात लावू नगा, गुर्जी. ऱ्हाऊ द्या तिला दाबून." भावाचा राग बिचाऱ्या वेलावर निघतोय, असं मला वाटलं.

दादा निघाले त्या सकाळी गाडी रस्त्यावर उभी होती. आप्पा गाडीपर्यंत गेले. दादा काच खाली करून बसले होते. दोघांत दोन हातांचंही अंतर नव्हतं, पण रस्त्यावर जुई नव्हती. आप्पांनी गाडीच्या टपावर पडलेलं एक पान झटकलं आणि परत आले.

त्यानंतरही ते रोज कुंपणाशी उभे राहत. "जुई, लोकांना म्हणावं, भात लावून झाला." मग उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबत आणि आत जात. मला ते बघवेना. एकदा मी वळसा घालून पलीकडे गेलो आणि पानांआडून म्हणालो, "जुई, शेजाऱ्यांना म्हणावं, बरं झालं." अलीकडून आवाज आला, "गुर्जी, या हिकडं. भिजताय." त्या दिवशी ते माझ्याशीही बोलले नाहीत.

दादांच्या बंद घराची पन्हळ पाल्यापाचोळ्याने तुंबली आणि पागोळ्या पुन्हा आप्पांच्या अंगणात पडायला लागल्या. शिडी तिथेच होती. आप्पांनी पन्हळ साफ केली नाही. त्यांनी जुईच्या बुंध्याभोवती चर खणला आणि पाणी पडू दिलं.

गणपती झाले आणि आप्पांनी वीट उचलली. पुरलेल्या फांदीला पांढरी मुळं फुटली होती. ती विळ्याने वेलापासून सोडवून त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि डबा माझ्या हातात दिला. "मानला नेऊन द्या. तितं एवढ्या उच्चावर कुनाशी बोलंल त्यो?"

विटेचा अर्थ मला तेव्हा कळला, आणि स्वतःची लाज वाटली.

दादांनी डबा गॅलरीत ठेवला. सून चहा टाकायला आत गेली तसे ते गुडघा धरून खाली वाकले. "जुई, सोपानाला म्हणावं, हितं पागोळ्या न्हाईत." मग ते बोटाने एक पान पुसत राहिले.

परतलो तेव्हा आप्पा पावसात गोगलगायी वेचत होते. मी तोंड उघडलं, तर वळूनही न बघता म्हणाले, "मला नगं. तिला सांगा."

मग वय वर्षं चाळीस, गणिताचा मास्तर, छत्री धरून वेलासमोर उभा राहिलो आणि शब्दन् शब्द सांगितला. दादांच्या पत्र्यावरून पाणी अंगणात पडत होतं. आप्पा बराच वेळ ते ऐकत राहिले.

"जुई," ते म्हणाले, "दादाला म्हणावं, हितं परत पडाय लागल्यात. भांडाया ये म्हणावं."