विसावं बाळंतपण आणि छगनचं घोडं

लिडियाच्या वहीत एकोणीस बाळंतपणं होती आणि हवी होती वीस. सुईणीच्या परीक्षेचा नियमच तसा होता: वीस बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करायची, प्रत्येकाखाली नोंदणी झालेल्या नर्सची सही घ्यायची आणि वही मुंबईला नर्सिंग कौन्सिलकडे धाडायची. नगरच्या इस्पितळातून वह्या आज संध्याकाळी पाचला टपालात पडणार होत्या. ही वेळ हुकली, की सहा महिने थांबणं आलं. आणि अकोल्याच्या दवाखान्यातली नोकरी काही तोवर तिची वाट पाहणार नव्हती.

वॉर्डातल्या बायकांना मात्र कसलीच घाई नव्हती. लिडिया सकाळपासून "काही दुखतंय का?" असं इतक्या आशेने विचारत होती, की एकीने शेवटी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

अकरा वाजता केडगावचा सहादेव धापा टाकत आला. "बायकूला कळा लागल्यात, चला!" सहीसाठी मार्था सिस्टरांना घेऊन लिडिया इस्पितळाच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या छगनच्या टांग्यात चढली, तेव्हा नवऱ्यापेक्षा तीच जास्त उतावीळ दिसत होती.

घरात साळूबाई सुईण आधीच ठाण मांडून बसली होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं.

"तुजी किती झाली गं पोरी?"

"एकोणीस."

"अगं बया! एवढ्यावर मला शिकवाया आलीस व्हय?"

लिडियाने साबण पुढे केला. साळूबाईने नाक मुरडलं. शेवटी तह झाला. "तुजा साबू मी मानते, माज्या गाठी तू मान."

बाई अडली, की घरात काही बांधलेलं ठेवायचं नाही, हा साळूबाईचा कायदा. पेटीचं कुलूप निघालं, डब्यांची झाकणं निघाली, मार्था सिस्टरांचा अंबाडाही सुटला. डब्याच्या झाकणाचा गर्भाशयाशी संबंध काय, हे लिडियाला कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. पण वाद घालायला वेळ नव्हता.

तीन वाजले. "सहादेवा, काय बांदलेलं ऱ्हायलं का रं?" साळूबाईने आतून हाक दिली.

"समदं सोडलं, मावशी!"

बाहेर टापा वाजल्या. मग लिंबाखाली झोपलेल्या छगनची आरोळी आली, "आरं, माजं घोडं!" टापा नगरच्या दिशेने विरत गेल्या.

"टांगा हाय की जागच्या जागी," सहादेव त्याला समजावत होता.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी लिडियाच्या हातात आली, खणखणीत रडत. लिडियाने नाळ बांधली. "ही येक गाठ ऱ्हाऊ दे," साळूबाई उदारपणे म्हणाली.

बाळ-बाळंतिणीचं सगळं आवरलं, तेव्हा घड्याळात चार-पस्तीस झाले होते. पायी नगर म्हणजे तासाची वाट. लिडियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दारात मोटार थांबली. इस्पितळाच्या मेट्रन दयाबाई टोपी सावरत आत धावल्या. "कोणाला लागलं? टांगा कुठे उलटला? घोडा एकटाच फाटकाशी येऊन उभा राहिला!"

सगळी धडधाकट पाहून त्या ज्वारीच्या पोत्यावर मटकन बसल्या. लिडियाने वही पुढे केली.

"रडतेस काय? मोटारीत बस!"

वाटेत मार्था सिस्टरांनी सही केली. 'मदतीस कोण होते' या रकान्यात लिडियाने त्यांच्या नावापुढे 'साळूबाई' लिहिलं.

"तिची नोंदणी नाही," दयाबाई म्हणाल्या.

मोटार पावणेपाचला फाटकात शिरली. तिथे घोडा शांतपणे गवत खात होता.

"त्याचीही नाही," मार्था सिस्टर अंबाडा बांधत म्हणाल्या.

दयाबाईंनी एकदा घोड्याकडे पाहिलं आणि साळूबाईचं नाव तसंच ठेवून वही टपालाच्या थैलीत टाकली.