हाफ पँटीतला मोजणीवाला

मुळशीत कोण कशासाठी आलाय, हे मला त्याची गाडी बघूनच कळतं! हुरडा खायला आलेला माणूस काच खाली करून रस्ता विचारतो. जमीन बघायला आलेला काच वर ठेवून नुसता बघत राहतो. नांद्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीवर बसून मी असे कितीतरी एजंट ओळखलेत. या चाँदभाईचा अंदाज आजवर चुकलेला नाही. म्हणजे, त्या सकाळपर्यंत चुकला नव्हता.

त्या सकाळी मी शेतावर पंप चालू करायला गेलो होतो. समोरून हाफ पँट घातलेला एक माणूस पळत आला. मागे कुत्रं नाही, पुढे एसटी नाही, तरी पळतोय! बरोबर माझ्या बांधावर येऊन थांबला. त्याचं घड्याळ वाजलं. त्यानं घड्याळ बघितलं, डावीकडचं शेत बघितलं, उजवीकडचं बघितलं, हद्दीच्या दगडावर पाय ठेवून जोर दिला आणि आल्या वाटेनं पळत गेला.

पंप चालू करायचा राहिलाच.

हा बांध म्हणजे माझ्या आणि कोंडिबाच्या शेतामधला. माझं म्हणणं, कोंडिबानं तो नांगरताना कोरला. त्याचं म्हणणं, मी कोरला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आणि हल्ली जमिनीची मोजणी काही साखळी टाकून होत नाही, उपग्रहावरून होते. उपग्रहाचं ते यंत्र मोजणीवाल्याच्या काठीत बसतं, तर घड्याळात का बसणार नाही?

घरी येऊन ओरडलो, "सुलताना! कोंडिबानं चोरून मोजणी आणली!"

"मोजणीवाले हाफ पँटीत येत्यात व्हय?"

"तीच तर चलाखी हाय!"

"अहो, पण शेजाऱ्याला नोटीस येती की!"

"चोरून म्हनलं ना मी!"

दुसऱ्या दिवशी तुरीत दबा धरून बसलो. तो आला, थांबला, वळला. मी चपला हातात घेतल्या आणि त्याच्या मागे सुटलो. तेवढ्यात पलीकडच्या उसातून कोंडिबा बाहेर पडला! पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात काठी. त्याला वाटत होतं, माणूस मी आणलाय. मी त्याला मोजणीवाल्याबरोबर एकटं सोडणार नव्हतो आणि तो मला. पळालो दोघंही!

त्या माणसानं मागे वळून बघितलं आणि चक्क हसला. "गुड मॉर्निंग काका! पहिलाच दिवस ना? हळूहळू वाढवा!"

हळूहळू वाढवा? काय वाढवा? कोंडिबाची हद्द! एकदम सरकवली तर लोकांच्या डोळ्यांवर येईल, म्हणून हळूहळू! मी कोंडिबाकडे जळजळीत नजरेनं बघितलं.

"तुजा मानूस दमत न्हाई का रं?" कोंडिबा धापा टाकत म्हणाला.

"माजा? तुजा हाय त्यो!"

एवढं बोलून आम्ही पुन्हा अबोला धरला, कारण दम उरला नव्हता.

मग हे रोजचंच झालं. एखादे दिवशी पाय धरायचे, वाटायचं आज झोपावं. पण मी झोपलो आणि कोंडिबा गेला तर? पांघरूण फेकून उठायचो. तिकडे आमच्या आळीतल्या गोजराबाईनं आम्हाला बघितलं. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं भल्या पहाटे एकत्र पळतायत, म्हणजे नक्कीच कुणाची तरी जमीन विकली जातेय! तिनं पदर खोचला आणि मागे लागली. गोजराबाई पळते म्हटल्यावर साहेबराव पाटलाला संशय आला. साहेबराव पळतो म्हटल्यावर तर सगळ्या आळीलाच आला! बघता बघता मोजणीवाल्यामागे अख्खी वरात. तो बिचारा खूश. परत फिरायच्या आधी आम्हा सगळ्यांना ओळीनं हद्दीच्या दगडावर पाय देऊन जोर लावायला शिकवायचा. दगड हललाय का ते तपासायचं म्हणून मी जरा जास्तच लावायचो.

मध्ये रक्तातली साखर तपासली, तर डॉक्टरांनी पाठ थोपटली. मी कारण सांगितलं नाही. प्रकरण गुप्त होतं ना!

आणि एके सकाळी तो आलाच नाही.

"झाली मोजणी!" साहेबराव म्हणाला. "आता नकाशा निगनार!"

रोज तो जिकडून पळत यायचा, त्या गावाबाहेरच्या नव्या इमारतीत आम्ही तसेच गेलो. दार उघडलं त्यानंच. नाव रत्नदीप, पाय सुजलेला. दारातली गर्दी बघून तो बघतच राहिला.

"तुम्ही सगळे... माझ्यासाठी आलात?"

साहेबरावानं पटकन मान हलवली.

"काका, इथे राहायला आल्यापासून पार्सलवाल्याशिवाय या दारात कुणी आलं नाही. काम पण घरूनच. दिवसभर नुसता फ्रीजचा आवाज. माणसं तरी दिसतील म्हणून पळायला लागलो. मग तुम्ही यायला लागलात. आता झोपताना वाटतं, सकाळी आपली कुणीतरी वाट बघतंय."

गोजराबाईनं डोळ्यांना पदर लावला. कोंडिबानं नाक पुसलं आणि विचारलं, "ते समदं खरं हाय. पन मोजनी कुनी सांगितलीया?"

"कसली मोजणी?"

त्यानं फोन दाखवला. आमच्या वाटेची वाकडीतिकडी लाल रेघ आणि वर नाव, 'नांदे पळापळ मंडळ'. ना गट नंबर, ना गुंठे! माझी मान खाली गेली.

"आनि पायाला काय झालं रं बाळा?" गोजराबाईनं विचारलं.

"काल संध्याकाळी एकटाच गेलो होतो. त्या दगडावर पाय दिला आणि दगडच आडवा झाला!"

मी कोंडिबाकडे बघितलं. कोंडिबानं माझ्याकडे.

"दगड?"

आणि आम्ही जे सुटलो! इतक्या दिवसांत तसे कधी पळालो नव्हतो.

दगड शेजारच्या पाण्याच्या चारीत पडला होता. आणि बांध? बांध नव्हताच! कुणी कोरला नव्हता. राखण करता करता, रोज त्याच्यावरून पळून, आम्हीच तो तुडवून सपाट केला होता. तिथे आता बैलगाडी जाईल एवढी रुंद, गुळगुळीत वाट होती.

"दगड हितं व्हता," कोंडिबा माझ्या शेतात उभा राहून म्हणाला.

"अजाबात न्हाई! तितं व्हता!"

आम्ही पुष्कळ वेळ भांडलो. मग माझ्या लक्षात आलं, एवढं पळून आलो, एवढं भांडलो, तरी दोघांनाही धाप लागलेली नाही! कोंडिबाच्याही लक्षात आलं असावं, कारण तो हसला. किती वर्षांनी बघितले मी त्याचे दात!

दगड तात्पुरता वाटेच्या मधोमध रोवलाय, पाय ताणायला लागतो म्हणून. रत्नदीपचा पाय बरा झाला. खरी मोजणी आणायचं आमच्या दोघांच्याही मनात आहे, पण मोजणीवाले यायचे सकाळी आणि सकाळी आम्हाला वेळ नसतो.

कोंडिबावर माझा आता पूर्ण विश्वास आहे. तरी पळताना मी त्याच्या मागेच राहतो. त्याचा पाय कुठे पडतो ते बघायला नको? पण त्यालाही माझ्या मागेच राहायचं असतं. त्यामुळे सगळी मंडळी पुढे जातात आणि रोज सगळ्यात शेवटी येतो ते आम्ही दोघंच.