नव्वद किलो, अंदाजे

शॉकअप बदलायचे, एवढंच ठरलं होतं. घर मोडण्यापर्यंत गोष्ट जाईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ठरवलं तेही काटेरावांनी नव्हे, वहिनींनी. क्रूझर मोटरसायकल घरात आल्यापासून त्या तिच्यावर तीन-चार वेळाच बसल्या असतील, आणि शेवटच्या खेपेला उतरल्या त्या कमरेवर हात ठेवूनच.

"अहो, तुम्ही पुढे सोफ्यावर बसल्यासारखे बसता आणि खड्डे सगळे मागे पाठवता," त्या म्हणाल्या. "हिच्या मागच्या चाकाचं काहीतरी करा. नाहीतर यापुढे मी आपली माझ्या स्कूटरवर येईन, तुम्ही तुमचे या."

क्रूझरवर बसून बायकोच्या स्कूटरमागून जायचं ही कल्पना काटेरावांना सहन होण्यासारखी नव्हती. ते दुसऱ्याच दिवशी गॅरेजात गेले.

काटेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ते अंदाज द्यायला होते. घर बदलणाऱ्याकडे जायचं, दारात उभं राहून कपाटाकडे एकदा बघायचं, "नव्वद किलो" म्हणायचं, की यांचं काम झालं. ऑफिसातल्या लोकांनी त्यांना वजनकाट्यावरून काटेराव केलं आणि त्यांना त्याचा इतका अभिमान होता की बायकोनेही तसंच म्हणावं असं त्यांना वाटे. (ती "अहो" म्हणत असे.) अंदाज देताना त्यांचा नियम ठरलेला होता. डोळ्यांना दिसेल त्याच्यावर थोडं चढवून सांगायचं. कमी सांगितलं तर ट्रकवाला भांडतो, जास्त सांगितलं म्हणून आजवर कोणी भांडलेलं नाही. "सेफ साईडला," असं ते म्हणत.

गॅरेजवाला मेकॅनिक भलताच गंभीर माणूस होता. साधा पंक्चरचा निकालही तो खालच्या आवाजात, नातेवाईकांना बाजूला घेऊन सांगत असे. त्याने क्रूझरचं मागचं टोक दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, ते वर आलंच नाही, आणि त्याने मान हलवली.

"शॉकअप गेलेत. दोन्ही."

"बदला," काटेराव म्हणाले. "चांगल्यातले घाला."

"चांगलं-वाईट नंतर. स्प्रिंग वजनावर ठरते. तुमचं किती?"

"अठ्ठावन्न."

"मागे कोण बसतं?"

"मिसेस."

"त्यांचं?"

इथे काटेराव अडकले. सगळ्या गावाच्या कपाटांची वजनं तोंडपाठ असलेल्या या गृहस्थाला स्वतःच्या बायकोचं वजन माहीत नव्हतं. घरात काटा होता, पण वहिनी त्याच्यावर दार लावून उभ्या राहत, आणि इतक्या वर्षांत "किती भरलं?" असं विचारण्याची यांची हिंमत झाली नव्हती. फोन करून विचारावं तर कशाला हवंय ते सांगावं लागणार. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि धंद्यातली रीत वापरली. दारात उभ्या असलेल्या वहिनी डोळ्यांपुढे आणल्या. वहिनी उंच. शाळेत खेळ शिकवतात, खांदे रुंद. (लग्नाच्या फोटोत त्यांना खुर्चीवर बसवून यांना शेजारी उभं केलंय, ते उगीच नाही.) मग त्यांनी सवयीने थोडं चढवलं. मग सेफ साईडला आणखी थोडं.

"नव्वद," ते म्हणाले.

मेकॅनिकने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "मग हेवी स्प्रिंग. आणि जरा लांब शॉकअप," तो म्हणाला.

संध्याकाळी गाडी तयार झाली. मागचे दोन्ही नवे शॉकअप असे चमकत होते की काटेरावांनी आधी त्यांचा फोटो काढला. मग रुबाबात टांग टाकली. पाय जमिनीला लागेनात.

हे जरा समजावून सांगायला हवं. क्रूझर का घेतली असं कोणी विचारलं की काटेराव "लूक" म्हणत. खरं कारण असं की शोरूमभर फिरून ज्या एकाच गाडीवर त्यांच्या टाचा टेकल्या ती ही. आता ती मागून घोड्यासारखी वर झाली होती आणि काटेरावांचे बूट हवेत होते.

"बसेल, बसेल," मेकॅनिक म्हणाला. "मागे वजन पडलं की बरोबर बसेल."

घरी येताना त्यांनी काय केलं ते त्यांनी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. सिग्नल आला की ते फूटपाथ गाठत आणि त्याच्यावर एक पाय ठेवून, मुद्दामच तिथे थांबल्यासारखा चेहरा करत. एका चौकात फूटपाथच नव्हता. तिथे त्यांनी शेजारच्या टेम्पोचा दांडा धरला. हिरवा दिवा लागला तरी दांडा काही सुटेना.

"काका," टेम्पोवाला खिडकीतून वाकून म्हणाला, "कुठपर्यंत येणार?"

घरी आल्यावर साइड स्टँडही आखूड पडायला लागला. गाडी भिंतीला कान लावून ऐकत असल्यासारखी कलायची. स्टँडखाली त्यांनी वीट ठेवली. पण वहिनी खाली आल्या, मागे बसल्या, आणि चमत्कार झाला. गाडी हळूच, सभ्यपणे खाली बसली. काटेरावांचे बूट जमिनीला लागले. अख्ख्या टाचा नव्हे, पण पुढचा भाग लागला, आणि त्या क्षणी त्यांना जगात आणखी काही नको होतं.

"अय्या!" पहिल्या खड्ड्यानंतर वहिनी म्हणाल्या. "खड्डा होता ना आत्ता?"

"होता."

"कळलाच नाही हो!"

त्या दिवसापासून काटेराव वहिनींना घेतल्याशिवाय घराबाहेर पडेनासे झाले. केस कापायला गेले तरी वहिनी. पेट्रोल भरायला वहिनी. रविवारी सकाळी जाकिटं घालून चहा प्यायला जमणाऱ्या क्रूझरवाल्या मित्रांत आजवर कोणी बायको आणली नव्हती, तिथेही वहिनी. पहिले एक-दोन रविवार मित्र गप्प गप्प होते, नंतर त्यांनी वहिनींनाच पंजा लढवायला बोलावलं आणि सगळे हरले.

वहिनींना आधी नवल वाटलं, मग त्या खूश झाल्या. एकदा त्या बहिणीशी फोनवर बोलत असताना काटेरावांनी ऐकलं. "अगं, यांना हल्ली माझ्यावाचून करमतच नाही. चुकूनसुद्धा एकटे जात नाहीत." तोवर खरोखरच तसं झालं होतं. मागे बसून वहिनी शाळेतल्या गमती सांगत, हेडमास्तरांची नक्कल करत, आणि हे पुढे एकटेच हसत. एवढ्या गप्पा त्यांनी लग्न ठरलं तेव्हाही मारल्या नव्हत्या. आता या गप्पांच्या बुडाशी नव्वद किलोचा आकडा बसलाय, आणि तो बाहेर आला की सगळं संपलं, या विचाराने त्यांची झोप उडाली.

घोटाळा व्हायचा तो एका शनिवारी झाला. वहिनी शाळेच्या सामन्यांना भल्या पहाटे गेल्या होत्या आणि काटेरावांना एका गिऱ्हाइकाकडे अंदाज द्यायला तातडीने बोलावणं आलं. रिक्षा केली असती तर भागलं असतं. (हे त्यांना संध्याकाळी सुचलं.) खाली आवारात प्लंबरच्या कामातून उरलेलं वाळूचं पोतं पडलं होतं. काटेरावांनी त्याच्याकडे एक नजर टाकली. पन्नास किलो. वॉचमनच्या मदतीने त्यांनी ते मागच्या सीटवर उभं केलं आणि दोरीने बांधलं. सीटवर वाळू सांडू नये म्हणून वहिनींचा जुना रेनकोट त्याला घातला. वहिनींचं हेल्मेट एरवी मागेच लटकायचं, ते आता कुठे लटकवायचं कळेना, म्हणून पोत्याच्याच डोक्यावर ठेवून पट्टा लावला. बूट जमिनीला लागले. काटेराव शीळ घालत निघाले.

समोरच्या काकू गॅलरीत होत्या. काकू सदैव गॅलरीतच असतात.

त्यानंतर दोन दिवस वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "गॅरेजवाल्याने महिन्याने गाडी दाखवायला सांगितली होती ना? मी येणार आहे."

काटेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनींना घेऊन गॅरेजात जाणं शक्य नव्हतं. आणि वहिनींना न घेता तर ते कुठेच जाऊ शकत नव्हते. ते मुकाट्याने निघाले. वाटेत हेडमास्तरांची नक्कल झाली नाही.

मेकॅनिक एका उघड्या इंजिनापुढे बसला होता. त्याने गाडी पाहिली, गाडीवरून उतरणाऱ्या वहिनींना पाहिलं, पुन्हा स्प्रिंग पाहिली. मग हात पुसत उठला.

"आपण?"

"मी यांची बायको."

मेकॅनिकने वहिनींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसू लागली. त्याने काटेरावांना बाजूला घेतलं आणि आपल्या त्या खालच्या आवाजात, जो गॅरेजभर ऐकू जात असे, विचारलं, "मग ती नव्वदवाली कोण?"

सगळ्या पान्यांचा आवाज थांबला.

"अस्सं!" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे काकू म्हणत होत्या ते खरं. रेनकोट घालून बसलेली. जाड आहे म्हणाल्या. जागची हलतसुद्धा नव्हती म्हणाल्या."

"अगं—"

"माझा रेनकोट! माझं हेल्मेट! कोण आहे ती?"

काटेरावांपुढे दोनच वाटा होत्या. नव्वद किलोची एक परस्त्री कबूल करायची, किंवा नव्वद किलो म्हणजे तूच, असं सांगायचं. कोणत्या अपराधाला क्षमा मिळेल याचा त्यांनी प्रामाणिकपणे अंदाज घेतला. परस्त्री सेफ साईडला आहे असं त्यांना एक क्षण खरंच वाटलं. पण वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं आणि त्यांना राहवेना.

"तूच," ते म्हणाले.

"काय मीच?"

"नव्वदवाली."

"आणि रेनकोटमधली?"

"ती वाळू."

वहिनींना हे पचायला वेळ लागला. "म्हणजे मी नव्वद किलोची," त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आणि मी नसले की माझ्या जागी वाळू."

"ती पन्नासच होती," काटेराव म्हणाले. (काम अंगात भिनलेलं असतं.)

मग त्यांनी सगळं सांगितलं. लांब शॉकअप, हवेतले बूट, टेम्पोचा दांडा, सगळं. ऐकताना मेकॅनिक मधेच म्हणाला, "पाय लागत नव्हते तर बोलायचं ना, साहेब. स्प्रिंगखाली रिंग आहे, ढिली केली की गाडी खाली येते. दोन मिनिटांचं काम." काटेरावांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"म्हणजे एवढे दिवस मला सगळीकडे घेऊन फिरत होतात," वहिनींनी हळूच विचारलं, "ते पाय टेकावेत म्हणून?"

"आधी पाय टेकावेत म्हणून," काटेराव मान खाली घालून म्हणाले. "नंतर नाही. नंतर मला आवडायला लागलं. शप्पथ."

वहिनींनी डोळे पुसले, पुढे होऊन गाडीचं हँडल धरलं आणि टांग टाकून पुढच्या सीटवर बसल्या. त्यांचे दोन्ही पाय टाचांसकट जमिनीवर होते, आणि गुडघे अजून वाकलेलेच होते.

"रिंग ढिली करू का, मॅडम?" मेकॅनिकने विचारलं.

"नको. मला बरोबर आहे."

"मग नीट सेटिंग करून देतो. पुढे किती धरू?"

"बासष्ट," वहिनी सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"आणि मागे?"

वहिनींनी मान वळवली आणि काटेरावांकडे दारातून कपाटाकडे बघतात तसं एकदा पाहिलं.

"चाळीस," त्या म्हणाल्या.

"अगं, अठ्ठावन्न!"

"अंदाजे सांगितलं. तेही सेफ साईडला, थोडं चढवून."

मेकॅनिकने गंभीरपणे मान डोलावली आणि पाना हातात घेतला. काम झाल्यावर वहिनींनी गाडी सुरू केली, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि वाट पाहू लागल्या. काटेराव मागे चढले. स्प्रिंग जागची हललीही नाही.

जरा वेळाने वहिनींनी मागे न बघता विचारलं, "अहो, बसताय ना?"

"बसलोय केव्हाचा," काटेराव म्हणाले.