इंजिन सुरू झालं, त्याची गोष्ट

झोपलेलं इंजिन आणि मेलेलं इंजिन यांतला फरक ओळखणारी माणसं आता जगात दोनच उरली आहेत, असं फोरमन छातीठोकपणे सांगत. दुसरा कोण, असं विचारलं की त्यांना त्याचं नाव आठवत नसे!

बस डेपोत एकतीस वर्षं बंद गाड्या सुरू करून फोरमन निवृत्त झाले, त्याला दोन वर्षं होत आली होती. या दोन वर्षांत त्यांनी घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू दुरुस्त केली होती, आणि त्यांतल्या काही अजून चालतही होत्या. घरामागं सूनबाईची रोपवाटिका. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळं तिचा सगळा पसारा सूनबाई एकटी सांभाळायची. फोरमन मदतीला गेले की ती म्हणायची, "बाबा, तुम्ही आराम करा ना." तिच्या मनात काही नसायचं, पण फोरमनना ते वाक्य शिवीसारखं लागायचं. त्या वाटिकेतलं निदान एखादं खातं आपल्या ताब्यात असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण मागून घेतील तर ते फोरमन कसले?

आणि एका मंगळवारी विहिरीवरची मोटर जळाली! वाइंडिंगवाला म्हणाला, चार दिवस. इकडं चार हजार रोपं परवा एका नव्या वसाहतीत जायची होती, आणि ऊन असं की दहा वाजताच रोपांनी माना टाकल्या. सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"शेडमध्ये ते जुनं डिझेल इंजिन आहे ना," ती म्हणाली, "ते चालतं का बघायला मिस्त्रीला बोलावलंय. संध्याकाळी येतो म्हणाला."

"संध्याकाळपर्यंत रोपांचं सरपण होईल! मी बघतो."

"बाबा, अकरा वर्षं पडून आहे ते. आणि मागं तुम्ही मिक्सर…"

"मिक्सरचं काढू नकोस! ते विजेचं काम. हे डिझेल आहे, डिझेल! सुरू झालं तर काय देशील?"

सूनबाईनं एकदा रोपांकडं पाहिलं. "पाण्याचा सगळा कारभार तुमच्याकडं. मोटर, इंजिन, पाइप, सगळं. मी ढवळाढवळ करणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

फोरमननी बाह्या अशा सरसावल्या की एका बाहीचं बटणच उडालं!

इंजिन शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली बसलं होतं. फोरमननी आधी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग ऑइलची कांडी ओढून बोटानं ऑइल चोळलं, वास घेतला. "काळं आहे, पण दुधाळ नाही. म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही." मग चाकाला हात लावला. चाक हलेना. सूनबाईचा चेहरा पडला.

"जाम आहे, बाबा."

"जाम नाही, आखडलंय! अकरा वर्षं एका कुशीवर झोपलीस तर तूही आखडशील."

त्यांनी नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, तासभर मुरू दिलं, आणि मग चाक जरा पुढं, जरा मागं, पुढं, मागं असं गोंजारत हलवलं. शेवटी चाक फिरलं! टाकीतलं जुनं डिझेल गुळासारखं झालं होतं, ते ओतून टाकलं. टाकीची तोटी गंजली होती, ती काढून फेकली आणि नळी थेट जोडली. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी बिऱ्हाड थाटलं होतं. ते काढलं, तोंड मोकळंच ठेवलं. "हात आखडता घ्यायचा नाही," म्हणत टाकी गळ्यापर्यंत भरली. नळीतली एअर काढली. नोझल परत बसवताना ते इतक्या हळुवारपणे बसवलं की सूनबाई बघतच राहिली. हे काम त्यांना खरोखरच येत होतं, याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

"तू पान्यानं ही झडप दाबून धर, म्हणजे चाक हलकं फिरेल. मी म्हटलं की सोड."

फोरमननी हँडल मारलं. एक फेरा, दोन, पाच, दहा… "सोड!"

धप्. पांढरा धूर. परत हँडल. "सोड!" धप्… धप्प… आणि चिमणीतून अकरा वर्षांचा कचरा, त्यात एक वाळलेलं गांधीलमाशीचं पोळं, बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर उडाला, आणि इंजिननं ताल धरला! धडधड धडधड धडधड! पाइपनं दोनदा उचकी दिली आणि पाणी आलं. मनगटाएवढी धार!

"बाबा!" सूनबाई टाळ्या पिटत ओरडली. "मानलं तुम्हाला!"

फोरमननी चष्मा पुसला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते धुरामुळं, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

दीड तासात चार हजार रोपं भिजली. माना वर आल्या. सूनबाई शेडच्या दारात येऊन म्हणाली, "झालं, बाबा! आता बंद करा."

फोरमननी बंद करायचा लिव्हर ओढला. लिव्हर हलला नाही. जोर लावला. मग हलला, इतका हलला की हातातच आला! फोरमननी तो शांतपणे खिशात घातला.

"चालू दे अजून अर्धा तास," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी उठलंय. अंग मोकळं होऊ दे त्याचं."

सूनबाई गेली आणि फोरमननी इंजिनकडं पाहिलं. तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. एकतीस वर्षं त्यांनी गाड्या सुरू करून दिल्या होत्या. बंद त्या ड्रायव्हर करायचे!

तोटी बंद करावी, तर तोटी कचऱ्यात. नळी उपटावी, तर डिझेल थेट तापल्या सायलेन्सरवर. झडप दाबून त्याचा दम काढायला गेले तर पाना हातातून सुटून पत्र्यावर जाऊन आदळला. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. हिशोब केला तर रात्री नऊपर्यंतची निश्चिंती!

इकडं पाणी वाहतच होतं. दोन वाफे बुडाले. रोपांच्या पिशव्या तरंगायला लागल्या.

"बाबा, पुरे! मुळं कुजतील!"

"खोलवर पाणी देतोय!" फोरमन ओरडले आणि त्यांनी पाइप उचलून कुंपणापलीकडं वळवला. कुंपणापलीकडं काचवाल्याचं दुकान. इंजिनच्या धडधडीनं त्याच्या तसबिरी आधीच कुडकुडत होत्या. आता दारातून पाणीही आत शिरलं. काचवाला चप्पल हातात घेऊन बाहेर आला.

"अहो फोरमन! काचा हलतायत! बंद करा ते!"

"इंजिन बाळसं धरतंय! दहा मिनिटं!"

"माझं दुकान पोहायला लागलंय!"

फोरमननी पाइप परत आत घेतला. सूनबाई ओरडली. परत बाहेर नेला. काचवाला ओरडला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी पाइप त्यांनी विहिरीतच सोडला आणि शेडच्या मागं जाऊन मिस्त्रीला गुपचूप फोन लावला.

"मिस्त्री, मी फोरमन! इंजिनबद्दल बोलायचंय!"

"सुरू होत नाही ना? मला ठाऊकच होतं!"

फोरमनचा कान तापला. "सुरू? पाऊण हँडलात सुरू केलंय! हा घे, आवाज ऐक!" आणि त्यांनी फोन शेडकडं धरला.

"वा!" मिस्त्री म्हणाला. "काय ताल आहे! अकरा वर्षं पडलेलं ना हे? फोरमन, तुम्ही वस्ताद आहात. मग फोन कशाला केलात?"

आता 'बंद होत नाही' असं सांगायला तोंड कुठलं उघडणार!

"कशाला म्हणजे? ऐकवायला!"

"फार छान. आता हात लावू नका, असंच चालू द्या!" म्हणून मिस्त्रीनं फोन ठेवला.

तेवढ्यात फोरमनची बायको आली. तिनं जेवायला चार वेळा हाका मारल्या होत्या आणि चारही हाका इंजिननं गिळल्या होत्या. आता ती ताट वाढूनच घेऊन आली होती, वर दुसरं ताट झाकलेलं.

"अहो, बंद करा ते! कानाचे पडदे फाटतील!"

"करतो गं. जरा दम धर."

"तीन वाजले! ताट गार झालं!"

"तुला यातलं काही कळत नाही. इंजिन असं एकदम बंद करायचं नसतं. त्याला आधी…"

तिच्या खांद्यावरचं फडकं फडफडलं आणि इंजिनच्या उघड्या तोंडाकडं ओढलं जाऊ लागलं. तिनं ते हिसडून मागं घेतलं. त्या तोंडाकडं रागानं एक क्षण पाहिलं. मग झाकणाचं ताट उचललं आणि खाडकन त्याच्यावर थापलं. ताट चिकटलंच!

धड… धड… धप्… फुस्स.

शेडमध्ये इतकी शांतता झाली की काचवाल्याचं 'सुटलो बाबा' स्पष्ट ऐकू आलं.

"काय… काय केलंस तू?" फोरमन म्हणाले.

"काय केलं म्हणजे? तिथून वारा ओढत होतं ते. माणसाचं नाक दाबलं की तोंड उघडतं, याचं नाक दाबलं की तोंड मिटतं. जेवा आता."

सूनबाई चिखलातून वाट काढत आली. तिनं आधी वाफे पाहिले. दोन वाफ्यांतली रोपं वाहून गेली होती. बाकीची हिरवीगार, ताठ उभी होती. मग फोरमनच्या खिशातून डोकावणारा लिव्हर पाहिला. मग इंजिनला चिकटलेलं ताट पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि फोरमनना कळलं की तिला कळलंय.

"बाबा," ती म्हणाली, "खरं सांगते, तुम्ही नसता तर आज एक रोप वाचलं नसतं."

फोरमननी घास गिळला. "मग? दिलेला शब्द?"

"शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून इंजिन सुरू तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"आणि कारभार?"

सूनबाईनं सासूकडं पाहिलं. "कारभार आईंकडं. सुरू काय, संध्याकाळी मिस्त्रीनंही केलं असतं. थांबवणारं माणूस घरात एकच निघालं."

फोरमन काहीतरी बोलणार होते. डेपोतली पद्धत, कामाची वाटणी, असं बरंच काही त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण बायकोनं भाजी वाढली आणि ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला फोरमन हँडल घेऊन शेडमध्ये हजर होते. ऑइल बघून झालं होतं, एअर काढून झाली होती.

"अगं, करू का सुरू?" त्यांनी घराकडं तोंड करून विचारलं.

"थांबा," आतून उत्तर आलं. "माझं ताट अजून घासायचंय."